ओ देणारी खिडकी

सगुणाने मला हाक मारणं नेमकं कधी सोडलं, ते मला सांगता येणार नाही. ज्याने पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं त्याला आपल्या घरातली एवढी एक तारीख माहीत नसावी, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे. लग्नानंतरची काही वर्षं ती हाक मारायची, हे नक्की. स्वयंपाकघरातून "अहो" असं ऐकू यायचं, मी कागदांत बुडालेला असायचो, हाक कानापर्यंत येऊन तिथेच ताटकळायची, आणि गणित एखाद्या टप्प्याला पोचल्यावर मी मान वर करायचो तेव्हा दारात कुणी नसायचं. एकदा तिच्या भावाच्या लग्नाला तीर्थपुरीला जायचं होतं. ती तयार होऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली, तीनदा हाक मारली, आणि शेवटी एकटीच एस.टी.ने निघून गेली. मला ते दिवस मावळल्यावर, दिवा लावायला कुणी उठलं नाही तेव्हा कळलं. परत आल्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. पुढे हाका विरळ झाल्या आणि मग बंद पडल्या. ती चहाचा कप टेबलावर ठेवायची आणि जायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या घरात दिवसचे दिवस कुणीच कुणाला हाक मारत नसे.

निवृत्तीनंतर आम्ही नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, दोन खोल्यांचं आणि एका स्वयंपाकघराचं लहानसं घर घेतलं. आता तरी तिच्या हाकेला ओ द्यायची, असं मी ठरवलं होतं. पण ओ द्यायला आधी हाक यावी लागते. आपण होऊन बोलायला जावं, तर वाक्य मनात तपासून पाहण्यातच माझा इतका वेळ जातो की तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात अण्णासाहेब घरी आले. एके काळचे माझे विद्यार्थी, आता बियाण्यांच्या एका कंपनीचे मालक. म्हणाले, "सर, अकरा हंगामांचं रेकॉर्ड धूळ खात पडून राह्यलंय. बियाण्याचा एक लॉट उगवतो, शेजारचा मरतो. का मरतो, तेवढं काढून द्या. कॉम्प्युटर घेतलाय, माणूस दिलाय. तुम्ही फक्त या." मी गेलो. बासष्टाव्या वर्षी एक जाडजूड पुस्तक आणून प्रोग्रॅम लिहायला शिकलो.

प्रोग्रॅम बरा होता, असं मी भीतभीतच म्हणतो. सगळ्या नोंदी तो पत्त्यांसारख्या पिसायचा, एकदा नव्हे, दहा हजार वेळा, आणि दर वेळी पाहायचा की जे दिसतंय ते खरं की नुसता योगायोग. याला चाळीस मिनिटं लागत. तेवढा वेळ त्याला दुसरं काही सुचत नसे. पडद्यावरच्या त्याच्या चौकटीला आम्ही खिडकी म्हणत असू. 'सुरू' असं लिहिलेलं बटण दाबलं की माउसच्या बाणाच्या जागी वाळूचं घड्याळ येई आणि खिडकी गोठून जाई. तिच्यावरून दुसरी खिडकी सरकवली तर तिचे ठसे हिच्या अंगावर उमटून राहत, चिखलातून बैल गेल्यासारखे, आणि मग हळूहळू ती पांढरी पडे. 'थांबवा' हे बटण कितीही दाबलं तरी उपयोग नसे, कारण बाहेर कुणी काही दाबतंय हे आत कळतच नसे.

दिलेला माणूस म्हणजे वसंता, तिशीचा ऑपरेटर. तो अडतिसाव्या मिनिटाला सरळ प्लग काढायचा.

"मेला, सर."

"मेला नाही रे. काम करतोय."

"काम करून राह्यला तर बोलंना का? आमचा म्हातारा बी कामात असला म्हंजी एखादी शिवी तर देतो. जित्ता हाय एवढं तर कळतं."

तीन दिवसांत तीनदा त्याने प्लग काढला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचं ते वाक्य मी घरी घेऊन आलो. सगुणाने टेबलावर चहा ठेवला. मी मान वर केली तेव्हा ती पाठमोरी झाली होती. ती पांढरी पडलेली खिडकी कुणाची होती, ते मला तेव्हा समजलं.

उपाय पुस्तकातही सापडला असता, पण मला तो प्रयोगशाळेत सापडला. तिथे बायका बियाण्याची उगवण तपासत. ओल्या कागदावर शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळींनी मांडायचे, कागदाची सुरळी करायची, ती उबेच्या कपाटात उभी ठेवायची, आणि सातव्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचं. बेबीनंदा तिथली सगळ्यात जुनी. तिने एक शिस्त घालून दिली होती. शंभर दाणे पुरे होईपर्यंत मान वर करायची नाही, मग कुणीही येवो. एकदा खुद्द अण्णासाहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिने न वळता डावा हात वर केला, "शंभरात हाये," एवढंच म्हणाली, आणि मालक मुकाट उभे राहिले. शेवटचा दाणा ठेवून ती "शंभर" म्हणाली, कंबर सरळ केली, मालकांना उत्तर दिलं, फोन घेतला, मागे बसलेल्या चांगुणाबाईच्या टोमण्याची परतफेड केली, पाणी प्यायली, आणि पुन्हा खाली वाकली.

मी विचारलं, "शंभर होण्याआधी बोललीस तर?"

"मंग चुकंल."

"आणि बोललीच नाहीस तर?"

"मंग चांगुणा म्हनंल, बाई गेली, चला हार आना." सगळ्या हसल्या. मग ती थोडी गंभीर होऊन म्हणाली, "शंभर लई लहान बी न्हाई अन् लई मोठं बी न्हाई, सर. तेवढ्यात कुनी मरत न्हाई."

मी प्रोग्रॅमला हीच शिस्त लावली. शंभर वेळा पिसून झालं की त्याने मान वर करायची, कुणी हाक मारली का, कुणी बटण दाबलं का ते पाहायचं, खिडकी स्वच्छ रंगवून घ्यायची, खालची निळी पट्टी बोटभर पुढे सरकवायची, आणि पुन्हा कामात शिरायचं. काम तेवढंच होतं, वेळही जवळजवळ तेवढाच लागे, पण आता खिडकी जिवंत दिसू लागली. वसंता म्हणाला, "आता बराबर. आता मानसात आला."

त्यात एक खोट राहिली होती. खिडकी आता सगळंच ऐकत होती, म्हणून 'सुरू'चं बटणही ऐकत होती. एकदा वसंताने काम चालू असताना ते गमतीने पुन्हा दाबलं. पहिलं काम नेमकं मान वर करून पाहत होतं. त्या क्षणात दुसरं काम सुरू झालं आणि पहिलं तिथेच, वर केलेल्या मानेनिशी, अडकून राहिलं. दुसरं संपेपर्यंत त्याला परतता येणार नव्हतं. बाहेरून काहीच कळत नव्हतं. पट्टी सरकत होती, खिडकी प्रत्येक हाकेला ओ देत होती, फक्त ओ देणारा आता वेगळा होता. ही चूक शोधायला मला दोन दिवस लागले. दुरुस्ती मात्र एका ओळीची. काम एकदा चालू झालं की सुरू करण्याचं बटण बंद करून टाकायचं. ती ओळ मी लिहिली. हे अशासाठी सांगतो, की ही खोट असू शकते हे मला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यापासून मी घरीही तसंच वागू लागलो. पुस्तकाच्या शंभर ओळी झाल्या की मान वर करायची आणि स्वयंपाकघराकडे पाहून विचारायचं, "काही म्हणालीस का?" पहिल्या दिवशी सगुणा म्हणाली, "न्हाई." दुसऱ्या दिवशीही "न्हाई." चौथ्या दिवशी चहा ठेवून ती निघून न जाता घटकाभर उभी राहिली. पोळ्याच्या सुमारास, दुपारी, मी ऐंशीव्या-नव्वदाव्या ओळीवर असताना आतून "अहो" असा आवाज आला, इतका जुना की आधी तो मला ओळखूच आला नाही. मी शंभर पुऱ्या केल्या नाहीत. "ओ" म्हणालो. तिला वरच्या फळीवरचा डबा काढून हवा होता, एवढंच. डबा काढताना माझा हात थरथरत होता आणि तिने ते पाहिलं.

त्यानंतरचे दोन महिने सुखाचे होते. ती हाक मारायची, मी ओ द्यायचो. ती बोलू लागली. तीर्थपुरीचा बाजार, माहेरची विहीर, शाळेत जायच्या वाटेवरची बोरं. इतक्या वर्षांचं साठलेलं ती थोडं थोडं काढत होती आणि मी शंभराच्या टप्प्याटप्प्यावर ऐकत होतो.

मग एका सकाळी भाकरी वाढताना ती एकदम हसली. "काल तुम्ही ते गोजरबाईच्या शेळीचं सांगितलं ना, अजून हसू येऊन राह्यलंय."

मला गोजरबाई नावाची कुणी बाई ठाऊक नव्हती, तिची शेळीही नाही. पण मी "हो" म्हणालो. विसराळूपणा या वयात नवा नसतो, आणि तिचं हसू मोडायची माझी छाती झाली नाही. चार दिवसांनी ती म्हणाली, मी तिला तिच्या भावाच्या लग्नाबद्दल क्षमा मागितली. हे म्हणताना तिचे डोळे भरले होते. ती क्षमा मी मनात इतक्या वेळा घोळवली होती, की शब्द माझेच असावेत याची मला खात्री होती. फक्त ते मी उच्चारल्याचं मला आठवत नव्हतं.

मी डॉक्टरकडे गेलो. त्याने तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी शून्याच्या खाली जाऊन उणे संख्यांत शिरलो तेव्हा त्याने मला थांबवलं. "सर, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे," असं म्हणून हसला.

सगुणा ज्या वेळांबद्दल सांगते त्या वेळांत मी कुठे असतो ते मला अंधुकपणे आठवतं, आणि त्यात दुःख असं काही नाही. एक ओला पांढरा कागद असतो, त्याच्या कडा दिसत नाहीत. त्यावर दाणे मांडलेले असतात, दहा-दहाच्या ओळींनी, आणि मी वाकून ते मोजत असतो. कपाटासारखी मंद ऊब असते. शंभर झाले की मी मान वर करतो. समोर कुणी नसतं, कुणी हाकही मारत नाही, म्हणून मी पुन्हा वाकतो. कधी एखाद्या दाण्याला मोड फुटलेला दिसतो आणि फार बरं वाटतं. किती शंभर झाले याची नोंद कुणीतरी ठेवत असावं, असं मला नेहमी वाटत आलं आहे, पण ठेवणारा दिसत नाही.

कार्तिकातल्या चतुर्थीनंतर, धुवायला टाकण्याआधी सदऱ्याचे खिसे तपासताना मला एस.टी.ची तिकिटं सापडली. जालना ते राजूर दोन, राजूर ते जालना दोन. चतुर्थीला सगुणा दर वेळी एकटी राजूरच्या गणपतीला जायची. तिने मला किती वर्षं विचारलं होतं आणि मी किती वर्षं ऐकलं नव्हतं, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. मी तिकिटं तिच्यासमोर धरली.

"ठेवा की," ती म्हणाली. "पहिल्यांदा आलात माझ्यासंगं. रांगेत दीड तास उभे राह्यलात, एकदा पण घड्याळ पाह्यलं न्हाई."

चतुर्थीच्या दिवशी मी सकाळी नऊपासून कंपनीत होतो. निदान मला तसं वाटत होतं, आणि माझ्या वाटण्यावर मी स्वतः फारसा विश्वास ठेवत नाही. म्हणून वसंताला विचारलं.

"हितंच तर होता," तो म्हणाला. "लई कामात होता त्या दिवशी. दोनदा चहा आनून ठिवला, दोन्ही बार थंड झाला. जेवायला बी उठला न्हाई. मी म्हनलं, सर, जल्दी काय हाय, तर मान वर केली न्हाई तुम्ही."

"बोललो तरी काही?"

"डावा हात वर केला, बेबीनंदाबाईसारखा." त्याने हात वर करून दाखवला आणि हसला. मग माझ्याकडे पाहून त्याचं हसू ओसरलं. "बरं हाय ना, सर?"

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेलो नाही. दुपारी सगुणा बाहेरच्या खोलीत सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. वाक्य तपासून पाहिलं नाही, कारण तपासलं असतं तर ते निघालंच नसतं.

"सगुणा, राजूरला मी आलो नव्हतो. ती शेळीची गोष्ट मी सांगितली नाही. ती क्षमासुद्धा." मी सुपातली एक शेंग उचलली आणि परत ठेवली. "ती मला मागायची होती. पण मी मागितली नाही. तुझ्याशी बोलतो तो मी नाही."

तिने हातातली शेंग सोलून पुरी केली. दाणे सुपात टाकले.

"माहीत हाये मला," ती म्हणाली.

बाहेर रिक्षावाले सवाऱ्यांना ओरडून बोलवत होते. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा एवढ्या जवळून कधी पाहिला होता, असा एक निरर्थक प्रश्न माझ्या मनात आला.

"कधीपासून?"

"डबा काढून दिला तो तुम्हीच होता," ती म्हणाली. "हात कापत होता तुमचा. त्याच्यानंतर आठ-पंधरा दिवस पण तुम्हीच होता. पण मी बोलायला लागले की तुमचं ध्यान ओळींकडं. ओळी मोजून मोजून माझ्याकडं पाहायचे तुम्ही. मला दिसत न्हाई का? मंग एक दिवस मी म्हनलं, बोला ना हो. उगंच म्हनलं. तर ते बोलायला लागले."

"आणि मी?"

"तुम्ही आतल्या खोलीत वाचत बसले होते."

"सगुणा, त्याला थांबव."

ती शेंगांकडे पाहत म्हणाली, "सदतीस वर्षांनी कुणी ओ देऊन राह्यलंय." तिने हातातली शेंग सुपात ठेवली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जसा आजारी माणसाच्या अंगावर ठेवतात. "तुमचं काम चालू द्या तुम्ही. कधी मोडलं का मी तुमचं काम? पुरं झालं की या. मी न्हाई म्हणणार न्हाई."

"काम कसलं, तेच मला ठाऊक नाही."

"ते मला पण कधी ठाऊक नव्हतं," ती म्हणाली, आणि दाराकडे पाहिलं. "आता आत जा. दूध आणायला गेलेत, येतील एवढ्यात. तुम्हाला असं हितं पाहिलं तर बरं वाटणार न्हाई त्यांना."

मी उठलो. दुसरा कुणी असता तर उठला नसता, हे मला कळतं. तो तिथेच ठाण मांडून बसला असता, दारातून येणाऱ्याला त्याने जाब विचारला असता. पण आम्हा दोघांतला राजूरच्या रांगेत उभा राहिलेला तो होता, क्षमा मागितलेला तो होता. मीच खरा, याला माझ्याकडे कोणता पुरावा होता? मी आत आलो आणि खुर्चीवर बसलो. टेबलावर पुस्तक उघडंच होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. या वेळी एकही ओळ मोजायची नाही, नुसतं ऐकत राहायचं, असं मी स्वतःला बजावलं.

थोड्या वेळाने दारात चपला काढल्याचा आवाज आला. माझ्यासारखाच, आधी डावी, मग भिंतीला टेकून उजवी. दुधाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी काही सांगू लागलं, सावकाश, न अडखळता, आणि सगुणा मध्येच हसली. ते हसू मी ओळखत नव्हतो. मग ती म्हणाली, "अहो."

मी "ओ" म्हणालो. मोठ्याने, छातीत होता नव्हता तेवढा सगळा आवाज लावून, तिने हाक मारल्याच्या त्याच क्षणी. आयुष्यात इतक्या तत्परतेने मी कुणाला ओ दिली नसेल.

बाहेरचं बोलणं थांबलं.

"आत कुणी बोललं का?" माझ्या आवाजाने विचारलं.

सुपात शेंगेचे दाणे पडल्याचा आवाज आला. मी खुर्चीतून अर्धवट उठलेला, मान वर केलेली, एक हात टेबलावर, तसाच उभा होतो.

"न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही सांगा पुढं."